बारीक लोकर, जाळीची वीण आणि टाक्यांचा जमाखर्च

उलटसुलट

जाड लोकरीचे मफलर आणि स्वेटर विणून हात चांगला बसलेला असला, तरी बारीक लोकरीची जाळीदार शाल प्रथमच सुयांवर चढवली की आपल्याला विणकाम येते की नाही, याचीच शंका वाटू लागते. माझ्या पहिल्या तीन शाली अर्ध्यावर उसवल्या गेल्या. चौथी पूर्ण झाली तेव्हा माझे हात पूर्वीइतकेच संथ होते. फक्त चूक कुठून शिरते हे दिसू लागले होते. ते दिसायला लागण्याविषयीच हा चर्चेचा धागा काढला आहे.

आधी लोकरीविषयी. मोज्यांसाठी वापरतात ती लोकर 100 ग्रॅमला साधारण 400 मीटर भरते. लेससाठीची लोकर 100 ग्रॅमला 800 मीटरच्या आसपास असते आणि कोळिष्टकासारखी म्हणून ओळखली जाणारी त्याहून बारीक लोकर 1,400 मीटरच्याही पुढे जाते. एवढ्या बारीक धाग्याला सुयाही तितक्याच बारीक लागतील असे कोणालाही वाटेल, आणि पहिल्या शालीच्या वेळी मीही 2 मिलिमीटरच्या सुया घेऊन बसले होते. त्यातून जे तयार झाले ते घट्ट, खरबरीत आणि बिनजाळीचे कापड होते. लेससाठी बारीक धागा मुद्दाम जाड सुईवर, म्हणजे 3.5 किंवा 4 मिलिमीटरच्या सुईवर विणतात, कारण धुऊन ताणल्यावर टाक्यांना पसरायला जागा हवी असते. सुयांवर असताना हे विणकाम ढिले, चुरगळलेले आणि काहीसे केविलवाणे दिसते. त्या अवस्थेत ते कोणाला दाखवू नये आणि स्वतःही त्यावरून मत बनवू नये.

आता मुख्य मुद्दा. जाळीच्या विणीत मूळ क्रिया दोनच आहेत. धागा नुसता सुईवर घेतला की एक टाका वाढतो आणि त्याखाली भोक राहते. दोन टाके एकत्र विणले की एक टाका घटतो. वाढ ही जमा धरली तर घट हा खर्च, आणि साध्या आयताकृती शालीत प्रत्येक ओळीअखेर जमाखर्च जुळलाच पाहिजे. मात्र भोक आणि त्याची घट शेजारीशेजारी असलीच पाहिजेत असे मुळीच नाही, आणि जाळीचे सगळे सौंदर्य याच सवलतीत आहे. घट भोकाला चिकटून असेल तर नुसते भोक दिसते. ती दूर नेली तर मधले टाके तिरके होतात, वीण झुकते, कडा लाटेसारखी वरखाली होते.

याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांतली 18 टाक्यांची जुनी लाटांची वीण. पहिली ओळ सर्व सुलट, दुसरी सर्व उलट. तिसऱ्या ओळीत आधी तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र सुलट, मग सहा वेळा ‘धागा सुईवर घेऊन एक सुलट’, आणि शेवटी पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र. चौथी ओळ सर्व सुलट विणली की शालीच्या दर्शनी बाजूला एक उठावदार रेघ येते. हिशोब पाहा: सहा घटी, सहा वाढी, 18 चे 18. परंतु सगळ्या घटी एकीकडे गोळा झाल्यामुळे तिथे कापड खाली खेचले जाते आणि सगळी भोके दुसरीकडे असल्यामुळे तिथे ते पंख्यासारखे उमलते. चारपैकी एकाच ओळीत लक्ष द्यावे लागते, म्हणून नवशिक्यांना मी नेहमी हीच सुचवते. 54 टाके आणि दोन्ही कडांना प्रत्येकी तीन साधे टाके, असे 60 टाके घातले की अरुंद स्कार्फ होतो.

ओळी मोजून आणि कागदावर खुणा करून जे साधत नाही, ते वीण डोळ्यांनी वाचता आल्यावर साधते. ‘आत्ता माझी सतरावी ओळ चालू आहे’ हे लक्षात ठेवण्यापेक्षा ‘या भोकाच्या डोक्यावर घट यायची आहे’ हे ओळखता आले, तर फोन वाजला, कोणी हाक मारली, विणकाम आठवडाभर पिशवीत पडून राहिले, तरी काही बिघडत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी शाली विणल्या आहेत त्यांनी आपापले अनुभव लिहावेत, विशेषतः चुका दुरुस्त करण्याचे.

नवशिकी

लेख दोनदा वाचला. आपण दिलेली 18 टाक्यांची वीण मी कालच सुरू केली आहे. माझी अडचण अशी की वीण समजते, तरीही दर तीन-चार लाटांनंतर एक टाका कमी भरतो. कुठे सुटला ते शोधताना सगळी ओळ उसवावी लागते आणि लोकर इतकी बारीक आहे की उसवलेले टाके पुन्हा सुईवर घेताना आणखी दोन निसटतात. हे सर्वांचेच होते का?

उलटसुलट

सर्वांचेच होते. टाका कमी भरला तर बहुतेक वेळा धागा सुईवर घ्यायचा राहून गेलेला असतो. त्यासाठी उसवण्याची गरज नाही. प्रत्येक 18 टाक्यांनंतर सुईवर एक खुणेची कडी घाला आणि परतीच्या ओळीत प्रत्येक दोन कड्यांमधले टाके मोजा, म्हणजे चूक कोणत्या घरात आहे ते तिथल्या तिथे कळेल. मग जिथे भोक हवे होते तिथे आलात की दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा डाव्या सुईच्या टोकाने उचलून सुईवर चढवा आणि त्यालाच राहिलेला टाका समजून विणा. हे भोक इतरांपेक्षा थोडे लहान होते, पण शाल ताणून वाळवल्यावर शेजारच्या टाक्यांतला धागा सरकतो आणि फरक जवळजवळ दिसेनासा होतो. टाका जास्त भरला तर मात्र घट राहिली आहे का, की अनवधानाने धागा सुईवर गुंडाळला गेला आहे, हे आधी पाहावे. अनवधानाचा फेरा नुसता सोडून दिला तरी चालतो.

दुसरी सवय लाइफलाइनची. वीण बरोबर असल्याची खात्री झालेल्या परतीच्या ओळीनंतर सुईवरच्या सर्व टाक्यांतून जाड नाकाच्या सुईने एक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवायचा. पुढे गोंधळ झाला तर सुया बिनधास्त काढून घ्यायच्या आणि उसवत जायचे. उसवण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते आणि प्रत्येक टाका आपापल्या जागी सापडतो. दोरा वेगळ्या रंगाचा असावा, पण रंग सोडणारा नसावा. आणि तो टाक्यांतून जावा, खुणेच्या कड्यांतून जाऊ नये. माझ्या एका शालीत तब्बल अकरा कड्या त्या दोऱ्यात अडकून खाली राहिल्या होत्या आणि त्या कापून काढाव्या लागल्या.

टाकेमोजणी

लाइफलाइनविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. दर दहा ओळींना दोरा ओवणारे लोक वीण वाचायला उशिरा शिकतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे, कारण चुकीची किंमत मोजावी लागत नाही. साध्या मेंढीच्या लोकरीत चुकलेले दहा-बारा टाकेच खालच्या ओळींपर्यंत सोडून, तेवढेच पुन्हा वर विणून आणता येतात. हे एकदा जमले की दोऱ्याची आठवण येत नाही. अपवाद मोहेरचा, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसाळ लोकरीचा. मोहेर आणि रेशीम मिळून केलेल्या केसाळ धाग्यात टाके एकमेकांना असे बिलगतात की उसवताना धागा तुटतो, आणि त्या केसांच्या धुक्यात भोक कोणते व टाका कोणता हे दिसतही नाही. तिथे दोरा हवाच. मुळात ज्यांना नाजूक जाळी स्पष्ट दिसायला हवी आहे, त्यांनी मोहेरच्या वाटेला जाऊ नये.

मला लोकर पुरण्याच्या हिशोबाविषयी लिहायचे आहे, कारण त्रिकोणी शालीत अनेकांची फसगत होते. मानेच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या शालीत दर दोन ओळींना चार टाके वाढतात, म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून लांब असते. लागणारी लोकर ओळींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकूण 100 ओळींची शाल असेल, तर 50 ओळी झाल्यावर अर्धी नव्हे, फक्त पाव लोकर संपलेली असते. अर्धी लोकर संपते ती 71 व्या ओळीच्या आसपास आणि शेवटच्या दहाच ओळी एकूण लोकरीचा जवळपास पाचवा हिस्सा खातात. ‘आता थोडेच राहिले’ असे वाटून कडेची वीण एक आवर्तन वाढवणारे इथेच अडकतात. गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून दोन ओळींआधी आणि नंतर वजन करावे, म्हणजे पुढच्या ओळींना किती लागेल याचा अंदाज येतो. टाके बंद करायला साध्या ओळीपेक्षा जास्त धागा लागतो, तो वेगळा धरावा.

गणिताची आवड असणाऱ्यांनी गोल शाल विणून पाहावी. विणकामावरच्या पुस्तकांच्या लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांनी लोकप्रिय केलेली रचना केवळ परिघाच्या सूत्रावर उभी आहे. त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, म्हणून मध्यापासूनचे अंतर दुप्पट होईल तेव्हा एकाच फेरीत सगळे टाके दुप्पट करायचे आणि मध्ये एकही वाढ करायची नाही. वाढीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या जागेत अनुक्रमे 3, 6, 12, 24, 48 साध्या फेऱ्या येतात. त्या साध्या पट्ट्यांत जमाखर्च जुळणारी कोणतीही जाळी बसवता येते.

सुईमागे

शेटलंडचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालते. जाळीच्या शालींच्या तीन परंपरा आवर्जून पाहण्यासारख्या आहेत आणि त्यांच्यातला फरक नक्षीपेक्षा बांधणीत अधिक आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांत, विशेषतः अन्स्ट बेटावर, एकोणिसाव्या शतकात ही कला फार उंचीला पोचली. तिथल्या मेंढीच्या मानेवरची सर्वांत मऊ लोकर कातरण्याऐवजी हाताने उपटून घेत आणि तिचा केसासारखा बारीक धागा घरीच कातत. आर्थर अँडरसन या शेटलंडच्या व्यापाऱ्याने 1837 मध्ये राणी व्हिक्टोरियाला तिथले बारीक विणीचे मोजे भेट दिले आणि त्या विणकामाकडे श्रीमंतांचे लक्ष गेले. या शालींची जमीन बहुधा दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली असते, त्यामुळे शालीला उलटी बाजू जवळजवळ नसतेच. उत्कृष्ट शालींत येती आणि जाती अशा दोन्ही ओळींत जाळी असते, परतीची साधी ओळ विश्रांतीपुरतीही मिळत नाही. माझ्या मते ती वीण हा वेगळाच प्रांत आहे आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तिच्याकडे वळू नये.

रशियात उरल पर्वताच्या दक्षिणेला असलेल्या ओरेनबुर्गच्या शाली बकरीच्या अंगावरच्या मऊ लवेपासून करतात. ती लव एकटी नाजूक पडते, म्हणून तिच्या धाग्याला रेशमाचा धागा पिळून जोडतात. नवी शाल पाहून पुष्कळांची निराशा होते, कारण ती काहीशी सपाट दिसते. वापरता वापरता लव बाहेर येते आणि शालीवर मऊ धुके पसरते. तिथेही जमीन दोन्ही बाजूंनी सुलटच असते आणि नक्षी चौकटी, तिरप्या रेघा व दाण्यांच्या भौमितिक घडणीची असते. कडा जमिनीबरोबरच विणत जातात.

एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हापसालू हे गाव तिसऱ्या परंपरेचे. इथल्या शालींत भोकांबरोबर फुगीर दाणे असतात. एकाच टाक्यातून पाच, सात किंवा नऊ टाके काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सगळे एकत्र उलट विणून पुन्हा एक करायचे. तिथली घंटेच्या आकाराच्या फुलांची वीण प्रसिद्ध आहे, आणि जाळीदार कड वेगळी विणून शालीला शिवतात. दाणा विणताना टाके अगदी सैल काढले नाहीत, तर परतीच्या ओळीत नऊ टाक्यांतून सुई घालणे हा छळ होतो.

शेटलंड आणि ओरेनबुर्ग या दोन्ही ठिकाणच्या शाली अंगठीतून आरपार जातात असे सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु आपल्याकडे ‘अंगठीतून जाणारी शाल’ म्हटले की शहतूश आठवते आणि येथे गल्लत होते. पश्मिना आणि शहतूश या मागावर विणलेल्या शाली आहेत, सुयांवर विणलेल्या नाहीत. शिवाय शहतूशसाठी चिरू नावाच्या तिबेटी हरणाला मारावे लागते, म्हणून तिचा व्यापार बेकायदेशीर आहे. लेसची शाल अंगठीतून जाते ती धागा बारीक असतो आणि कापडात धाग्यापेक्षा मोकळी जागा जास्त असते, म्हणून.

गुंता

माझी तक्रार लोकरीविषयी आहे. एक मोठी शाल मी बारीक अॅक्रिलिक धाग्यात विणली, भिजवली, टाचण्या लावून ताणली आणि दोन दिवस वाळवली. टाचण्या काढल्या आणि तासाभरात ती पुन्हा आक्रसून पूर्वीसारखी गोळा झाली. तीन महिन्यांची मेहनत होती. यात माझे काय चुकले? आणि दुसरे म्हणजे, मेंढीच्या लोकरीच्या शालीतही वरची कडा छान पसरते, परंतु जिथे टाके बंद केले ती कडा दोरी आवळल्यासारखी राहते.

उलटसुलट

आपले विणकाम चुकलेले नाही, तंतूची निवड त्या कामाला योग्य नव्हती. मेंढीची लोकर पाण्यात भिजली की तिच्या तंतूंमधले काही रासायनिक बंध सुटतात, आणि ताणलेल्या अवस्थेत वाळली की ते त्याच आकारात पुन्हा जुळतात. म्हणून ताणलेली शाल ताणलेली राहते. पुन्हा भिजली की आकार जातो, त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर ताणून वाळवणे ओघाने आलेच. अॅक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा हा परिणाम होत नाही. त्याला टाचण्या लावलेल्या स्थितीत वाफ द्यावी लागते. इस्त्री कापडाला न टेकवता दोन बोटे वर धरून वाफ सोडावी. एकदा असे केले की आकार कायमचा बसतो आणि कापड लुळे व मऊ पडते, ते पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून आधी लहान नमुन्यावर करून पाहा. आपली शाल अजून वाचू शकेल.

रेशीम सुंदर लोंबते, पण त्याला लवचिकता नाही, त्यामुळे विणताना हाताचा ताण जरा बदलला तरी दिसतो. अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या तंतूला मेंढीच्या लोकरीसारखी कुरळी उसळी नसते, म्हणून ती शाल खुंटीला टांगली तर लांबत जाते. घडी करून ठेवावी.

मेंढीच्या लोकरीची शाल मी अशी वाळवते: कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवते, चोळत नाही, पिळत नाही. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घातली आणि वर चोळली, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून लोकर नमद्यासारखी घट्ट होते, आणि मग जाळी परत मिळत नाही. पाण्यातून काढताना दोन्ही हातांवर तोलून काढावी, कारण ओल्या शालीचे वजन तिच्याच टाक्यांवर येते. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी. सरळ कडांतून बारीक गंजरोधक तारा ओवाव्यात आणि कडेच्या प्रत्येक टोकाला एकेक टाचणी लावावी. आधी मध्य, मग दोन्ही टोके, मग उरलेले. माझी शेवटची शाल सुयांवरून उतरली तेव्हा 112 सेंटीमीटर रुंद होती आणि वाळल्यावर 148 भरली. पूर्ण वाळल्याशिवाय एकही टाचणी काढू नये. हाताला कोरडी लागते तेव्हाही लोकरीच्या पोटात ओल असते.

आवळलेल्या कडेचे कारण टाके बंद करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आहे, ज्यात एका टाक्यावरून दुसरा ओढून टाकतात. जाळीच्या शालीला ती पुरत नाही. त्याऐवजी पहिले दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणावेत, तयार झालेला टाका डाव्या सुईवर परत ठेवावा, तो आणि पुढचा टाका पुन्हा तसेच एकत्र विणावेत, आणि शेवटपर्यंत असेच जावे. सुई एक-दोन क्रमांक जाड घ्यावी. तयार शालीची कडा उसवून एवढेच पुन्हा केले तरी चालेल.

गुंता

वाफेचा उपाय जुन्या नमुन्यावर करून पाहिला. नमुना पसरून राहिला आहे, पण म्हटल्याप्रमाणे अगदी लुळा झाला आहे. शालीला चालेल, कॉलरला चालणार नाही असे दिसते.

नवशिकी

स्कार्फच्या नऊ लाटा झाल्या. प्रत्येक 18 टाक्यांनंतर कडी घातल्यापासून एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ओळीतले एकूण टाके बरोबर भरतात, पण एका घरात 17 आणि शेजारच्या घरात 19 असे निघतात, आणि दर वेळी वेगळ्या जागी. त्यामुळे मी दोनदा बरोबर विणलेलेच उसवले.

टाकेमोजणी

आपण मधल्या लाटांची मांडणी बदलून घेतली आहे का? आपल्या विणीत कडीच्या दोन्ही अंगांना घटी यायला हव्यात. कडी सहा भोकांच्या पट्ट्याच्या टोकाला लावली असेल, तर कडीलगतचा सुईवर घेतलेला धागा कडीखालून सरकून पलीकडे जातो, आणि एका घरातला टाका दुसऱ्या घरात मोजला जातो. विणकाम बरोबरच असते.

नवशिकी

बरोबर ओळखलेत. सुरुवातीला मी तीन घटी कडेच्या टाक्यांतच मोजल्या होत्या, म्हणून सगळ्या कड्या तीन टाके सरकल्या आणि नेमक्या पहिल्या भोकाला येऊन टेकल्या. आज सर्व कड्या काढून दोन घटींच्या मध्ये लावल्या आहेत. शेवटच्या चार ओळींत प्रत्येक घरात 18 भरले. दहावी लाट आज रात्री सुरू करते.